उतरलात तिथंच थांबा

गेल्या आठवड्यात धाकट्या बहिणीचा फोन आला. तिच्या सोसायटीची सहल ठरली आहे. गणपतीपुळे, दोन बस, नव्वद माणसं. म्हणाली, "दादा, बस ठरल्या, हॉटेल ठरलं, आता राहिलं काय? तू फौजी आहेस, तुला यातलं कळतं." मी म्हटलं, सगळंच राहिलंय. ती हसली. तिला वाटलं, मी नेहमीसारखा भाव खातोय.

फोनवर तिला थोडंफार सांगितलं. पूर्ण गोष्ट इथे लिहितो. इतकी वर्षं लिहिली नव्हती, कारण तीत चूक माझी आहे.

२०१३ चा नोव्हेंबर. आमची मराठा पलटण तेव्हा जालंधर छावणीत होती. आधीची दोन-अडीच वर्षं फील्डमध्ये गेलेली. पीस स्टेशनला आल्यावर जवानांनी घरून बायकापोरं आणली, क्वार्टर भरले, संध्याकाळी मैदानावर पोरांचा कालवा सुरू झाला. सातारा, सांगली, कोल्हापूर, बेळगाव, सगळीकडची मराठी तिथे ऐकू यायची. सीओ साहेबांच्या मनात आलं की फॅमिलींना एकदा अमृतसर दाखवावं. सकाळी दरबार साहिब, मग जालियनवाला बाग, दुपारी अटारीला जाऊन सूर्यास्ताची परेड आणि रात्री परत. मी मेजर, कंपनी कमांडर. कॉन्फरन्समध्ये सगळे खाली बघत होते, मी चुकून वर बघितलं. सहलीचा ओआयसी मी.

खरं सांगायचं तर मला हे काम क्षुल्लक वाटलं. खडकवासल्याला तीन वर्षं फॉलिन झाल्याशिवाय आम्ही साधे जेवायलाही गेलो नव्हतो. पुढे जवान, हत्यारं, दारूगोळा, खेचरं, सगळं गाड्यांत चढवलं आणि उतरवलं. पाच सिव्हिल बस आणि बायकापोरं, त्यात काय एवढं?

नफरी २०६. म्हणजे ७८ बायका, ९२ मुलं, ११ म्हातारी माणसं आणि सोबतीला २५ जवान. बस ५, प्रत्येकी ५२ सीटच्या. बसनिहाय वाटणी केली ४१, ४२, ४१, ४० आणि ४२. प्रत्येक बसमध्ये दहाएक जागा मोकळ्या राहत होत्या. एमटी हवालदाराला ते खटकलं. म्हणाला, "साहेब, चार बसमध्ये बसतील की, पाचवीचं भाडं कशाला?" मी त्याला गणित दाखवलं. चार बसच्या सीट २०८, माणसं २०६. वाटेत एक गाडी बसली तर तिची माणसं उरलेल्या चौघींत घालून पुढे निघता येतं. मुलाबाळांना घेऊन हायवेच्या कडेला मेकॅनिकची वाट बघत बसावं लागत नाही. हे मी बहिणीलाही सांगितलं. बस ठरवताना माणसं मोजून सीट घेऊ नका, एक गाडी बंद पडली असं धरून घ्या. तिच्या दोनच बस आहेत, तिथे हे जमणार नाही. तिथे निदान दुसऱ्या गाडीवाल्याचा फोन नंबर खिशात हवा.

दुसरं गणित मला सुचलंच नव्हतं, ते सुभेदार मेजर साहेबांच्या बायकोनं सुचवलं. मला नाही, माझ्या बायकोला. वाटेत एका ढाब्यावर पंधरा मिनिटं थांबायचं असं मी लिहिलं होतं. बाईंनी विचारलं, "तिथं संडास किती?" चार. ऐंशी बायका, चार संडास, माणशी दोन मिनिटं धरली तरी चाळीस मिनिटं, आणि यात मुली धरलेल्याच नाहीत. जवानांचा कॉन्व्हॉय चालवणाऱ्या माणसाच्या डोक्यात हा हिशेब कधी येत नाही. जवानांना रस्त्याची एक कडा पुरते. मग तीन बस एका ढाब्यावर आणि दोन तिथून पुढच्या पेट्रोल पंपावर, अशी फोड केली.

सकाळचं चढणं मात्र देखणं झालं. बस आधी बोलवायच्या नाहीत, माणसं आधी. मैदानावर चुन्यानं पाच चौकोन आखले, प्रत्येक चौकोनासमोर नंबरची पाटी. ज्याची त्याची माणसं ज्याच्या त्याच्या चौकोनात. सगळी जमल्यावर मगच बस आल्या, एकामागे एक, आणि प्रत्येकीचं दार तिच्या चौकोनासमोर. आपल्याकडे बसचं दार डाव्या हाताला असतं, म्हणून माणसंही डावीकडेच उभी. कुणी बसला वळसा घालून पलीकडे जायचं नाही, कारण ड्रायव्हरला बसच्या नाकाखालचं पोर दिसत नाही. दोन बसमध्ये एवढं अंतर की मधली बस मागे न घेता बाहेर काढता यावी. माणसं आजूबाजूला असताना रिव्हर्स गिअर नाही, हा माझा एकच नियम ड्रायव्हरांना दोनदा सांगितला. पन्नास जवान पाठीवर पिट्टू घेऊन चार मिनिटांत चढतात. बायकापोरांना मी वीस मिनिटं धरली होती, अठरा लागली. पुरीभाजीची पातेली आणि पाण्याचे जार शेवटी चढवले, म्हणजे आधी उतरतील. नर्सिंग असिस्टंट शेवटच्या बसमध्ये, कारण पुढच्या गाडीत कुणाला काही झालं तर मागची गाडी आपोआप तिथे पोचते. पुढची मागे येऊ शकत नाही. मी स्वतः सगळ्यांच्या मागे जिप्सीत.

निघण्याआधी मी मेगाफोनवरून सूचना दिल्या. त्यातली एक अगदी शब्दाला शब्द आठवते. "गर्दी खूप असेल. चुकामूक झाली तर शोधत फिरू नका. बसमधून जिथं उतरलात तिथंच येऊन थांबा. बस तिथंच येईल." चुकीचं काही नव्हतं त्यात. लहानपणी जत्रेला जाताना आईही हेच सांगायची.

जीटी रोडनं निघालो. करतारपूरला रस्त्याकडेच्या फर्निचरच्या दुकानांबाहेर पलंगांच्या रांगा, पुढे बियासचा पूल. पोरं खिडकीला चिकटलेली. अमृतसरच्या जुन्या भागात बस नेता येत नाहीत, म्हणून बाहेर उतरवायचं, बस लगेच दूरच्या पार्किंगला पाठवायच्या आणि परतताना एकेक बोलवायची. माणसं पाच गटांत सावलीत बसलेली, कोपऱ्यावर एक जवान, पार्किंगला एक जवान, दोघांत मोबाइल. एक बस भरून निघाली की दुसरीला हाक. रस्ता एकदाही अडला नाही. ट्रॅफिकच्या शिपायानं मला हात जोडून सलाम केला. लंगरमध्ये जेवलेल्या आमच्या बायका जालंधरला परत येईपर्यंत एकाच गोष्टीबद्दल बोलत होत्या, की इतकी हजारो माणसं जेवतात आणि कुणी कुणाला ढकलत नाही. दुपारी दोन वाजता मी स्वतःवर खूश होतो. हे लिहून ठेवतो, कारण पुढच्या चार तासांचं मूळ तिथे आहे.

अटारीला सीमेच्या अलीकडे उतरून पुढे चालत जावं लागतं. तेव्हा ते पार्किंग म्हणजे एक मोठं मातीचं मैदान होतं. कडेला सफेद्याची, म्हणजे आपल्या निलगिरीची, चार झाडं. कणीस भाजणारे, शेंगावाले, गालांवर तिरंगा रंगवून देणारी पोरं. पाचही बस झाडांच्या बाजूला लागल्या. आत पिशव्या नेऊ देत नाहीत म्हणून सगळ्यांनी पिशव्या, शाली, डबे बसमध्येच ठेवले. तपासणीच्या रांगा बायकांच्या वेगळ्या आणि पुरुषांच्या वेगळ्या. इथेच आमचे सोबतीचे जवान आणि फॅमिली अलग झाल्या. बायकांच्या रांगेत एकही जवान नव्हता, कारण असूच शकत नव्हता, आणि त्याची सोय मी केली नव्हती.

माणसं गेल्यावर ड्रायव्हरांनी माझी दुसरी सूचना पाळली. कॉन्व्हॉयची ती जुनीच सवय आहे. लोक उतरले की गाडी वळवून, तोंड बाहेर करून लावायची, म्हणजे निघताना रिव्हर्स नको आणि गर्दीत अडकायला नको. दिवसाउजेडी, मैदान मोकळं असताना हे करून घ्यावं. त्यांनी केलं. तोंड बाहेर करण्यासाठी बस झाडांजवळून निघून मैदानाच्या दुसऱ्या टोकाला, फाटकाच्या जवळ लागल्या. दीडशे मीटर लांब. पार्किंगवाल्यानंही तीच जागा दाखवली. मी ते पाहिलं, आणि मनात म्हटलं, वा.

उतरलात तिथंच थांबा. उतरले की गाड्या हलवा. दोन्ही सूचना एकाच दिवशी, एकाच माणसानं दिलेल्या. एकीकडे प्रवासी, दुसरीकडे ड्रायव्हर. दोघांनी नीट ऐकलं.

परेडचं वर्णन करत नाही, सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलेली आहे. झेंडे उतरले, फाटकं बंद झाली आणि हजारो माणसं एकदम उठून एकाच रस्त्यानं निघाली. येताना माणसं तीन तासांत थोडी थोडी येतात, जाताना दहा मिनिटांत सगळी. अंधार पडत होता. फोन लागत नव्हते. पार्किंगमध्ये बस सगळ्या पांढऱ्या. काचेवर चिकटवलेले आमचे नंबर दहा पावलांवरून दिसेनासे झालेले, आणि समोरच्या गाड्यांचे हेडलाइट डोळ्यांत. जवान टॉर्च घेऊन ओरडत होते, "मराठा पलटण इकडं, इकडं!" माणसं येत गेली. गाडी कमांडर हवालदारांनी गिनती केली. १ नंबर, ४१ ठीक. २ नंबर, ४२ ठीक. ३, ४१ ठीक. ४, ४० ठीक. ५, ४२ ठीक. मी डायरीत २०६ लिहिलं, सही केली, साडेसहाला निघालो.

खासा छावणीच्या अलीकडे पुढच्या बसनं उजव्या-डाव्या लाइट उडवल्या आणि कडेला घेतली. मी जिप्सी पुढे आणली. चार नंबर. दारात हवालदार उभा, आणि चेहरा बघूनच मला कळलं.

"साहेब, एक म्हातारी नाही."

झालं होतं असं. दोन नंबरच्या बसमधला एक पोरगा मित्राजवळ बसायला चार नंबरमध्ये आला होता. म्हणून चारमध्ये डोकी मोजली तर ४० भरली. दोन नंबरचा हवालदार मोजत होता तेव्हा त्याला एक कमी आला, तर पोराची आई म्हणाली, "माझा बाळ्या चार नंबरात हाय, म्या बघितलंय." हवालदारानं तो धरून ४२ सांगितले. तोही खोटं बोलत नव्हता. एक पोरगा दोनदा मोजला गेला आणि एक आजी एकदाही नाही. बेरीज २०६.

आजी एका शिपायाची आई. पाटण तालुक्यातल्या एका वाडीतून सुनेच्या बाळंतपणाला आलेली. सून बारा दिवसांच्या बाळाला घेऊन क्वार्टरमध्ये, शिपाई गार्ड ड्यूटीवर. शेजारीण म्हणाली, चला आजी, तुम्हाला देव दाखवून आणते. शेजारणीला स्वतःची तीन. सकाळी आजी मागच्या बाकावर दुसऱ्या म्हाताऱ्यांबरोबर बसली होती, तेव्हा आताही तिथंच असेल असं तिला वाटलं. मागच्या बाकावर आजीची पिशवीही होती, वर शाल ठेवलेली. पिशवी जागेवर म्हणजे माणूस आहेच, असं बाकीच्यांना वाटलं. विचारलं ते शेजारणीच्या चार वर्षांच्या पोरीनं. तिला झोप आली होती आणि आजीची मांडी हवी होती.

मी पाचही बस तिथेच कडेला थांबवल्या. कुणी खाली उतरायचं नाही, आतले दिवे चालू, मागच्या गाडीमागे एक जवान टॉर्च घेऊन. आणि जिप्सी वळवली. सोबत चार नंबरचा हवालदार. तो सारखं म्हणत होता, "माझी चूक, साहेब." मी काही बोललो नाही. तेव्हा हो म्हणालो असतो तर पुढे त्याच्या तोंडाकडे बघता आलं नसतं.

समोरून परतणाऱ्या गाड्यांची माळ, आमच्या बाजूचा रस्ता रिकामा. तो पंधरा-वीस मिनिटांचा रस्ता मला अजून आठवतो. फील्डमध्ये मी माणसं गमावलेली आहेत. त्या प्रत्येक वेळी समोर कुणीतरी गोळी झाडणारा होता. इथे कुणीच नव्हता. हिंदीचा शब्द येत नसलेली, फोन नसलेली, सीमेवरच्या गावात अंधारात एकटी म्हातारी, आणि तिला तिथे ठेवून आलेला मी. तिच्या पोराला काय सांगणार होतो? तो त्या क्षणी पलटणीच्या क्वार्टर गार्डवर बंदूक घेऊन उभा होता, आमच्या सगळ्यांच्या हत्यारांची राखण करत.

मैदान जवळजवळ रिकामं झालं होतं. गर्दी ओसरल्यावर ते किती मोठं आहे ते कळलं. टोकाला सफेद्याच्या झाडाखाली शेंगांच्या हातगाडीवर एक दिवा. दिव्याच्या उजेडात उपरण्यासारखी मळकट शाल पांघरलेले सरदारजी उभे आणि शेजारी खोक्यावर नऊवारीतली आजी. खांद्यावर कुणाची तरी घोंगडी. हातात कागदाची पुडी.

मी धावतच गेलो. तिनं मला ओळखलं, म्हणजे वर्दी नव्हती तरी मेगाफोनवाला साहेब म्हणून ओळखलं. उठून उभी राहिली. रडली नाही, ओरडली नाही.

"आलासा? गाडी हितंच हुती, सायेब. म्या जागा सोडली न्हाई. तुमी म्हनला हुता न्हवं, उतरलात तितंच थांबा म्हून."

मी काय बोललो ते मला आठवत नाही. हवालदार खाली बसून तिच्या पायाला हात लावत होता.

सरदारजींनी पंजाबीत सगळं सांगितलं. बीबीजी गर्दीतून सरळ या झाडाशी आल्या आणि उभ्या राहिल्या. बस नाही म्हटल्यावर त्यांनी आणि बीएसएफच्या एका जवानानं त्यांना फाटकाकडे चला म्हणून सांगून पाहिलं. हलायला तयार नाहीत. एकच शब्द पुन्हा पुन्हा, पलटण, पलटण. तेव्हा सरदारजींनी गाडी आवरायचं लांबवलं, घोंगडी दिली, चहा मागवला. दीड तास दोघं बोलत होते, ते पंजाबीत आणि ती मराठीत. सरदारजींचा मुलगा फौजेत आहे हे तिला कळलं होतं. तिच्या सुनेला नातू झाला हे त्यांना कळलं होतं. कसं ते दोघांनाच ठाऊक.

जिप्सीत बसल्यावर मी खिशातून यादी काढली. चार नंबरची यादी. तिच्यापुढे टिक करायची होती. टॉर्चच्या उजेडात शोधत गेलो आणि हात थांबला. यादीत तिचं नाव नव्हतं. लिहिलं होतं, "सिपाही अमुक अमुक यांची आई". ११ म्हाताऱ्या माणसांपैकी ९ जण असेच लिहिलेले, यांची आई, यांचे वडील. नावं हाका मारून गिनती करायची असं मी ठरवलं असतं, तरी तिला कुठल्या नावानं हाक मारणार होतो?

"आजी, तुमचं नाव काय?"

तिनं सांगितलं. आधी जरा थांबली, बऱ्याच दिवसांत कुणी विचारलं नसावं. ते नाव मी इथे लिहीत नाही. त्या रात्री यादीत मात्र माझ्या हातानं लिहिलं.

मग थोड्या वेळानं म्हणाली, "सायेब, त्या शेंगावाल्यानं च्याचं पैसं घेतलं न्हाईत. धा रुपये हुतील. पिशवी गाडीत ऱ्हायली, न्हायतर दिलं असतं. पुढल्या खेपंला देऊन टाका."

खासाजवळ पाचही बसमध्ये सगळे जागे होते. आजी चढली तेव्हा बायकांनी तिला मिठ्या मारल्या, कुणी रडलं, कुणी शेजारणीला बोल लावला, तर आजीच तिच्या बाजूनं भांडली. मग हवालदारानं टॉर्च धरली आणि एकेक नाव वाचलं. ४० नावं, ४० आवाज. तो बाळ्या आपल्या बसमध्ये परत गेला. पाचही बसमध्ये असंच. अकरा मिनिटं लागली. जालंधरला पोचायला साडेदहा वाजले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सीओ साहेबांना सगळं सांगितलं, गाडी कमांडरांचं नाव न घेता. ते मिनिटभर गप्प बसले आणि म्हणाले, "पुढची सहल फेब्रुवारीत. ओआयसी तूच." त्याहून जास्त ते रागावले असते तर मला बरं वाटलं असतं. आजीचा मुलगा गार्डवरून सुटल्यावर आला. मी तयार होऊन बसलो होतो. त्यानं सॅल्यूट केला आणि म्हणाला, "साहेब, आईला दरबार साहिब लई आवडला. तेवढंच सांगती सगळ्यांना." पुढे काही म्हणाला नाही. मीच म्हणालो जे म्हणायचं होतं ते.

फेब्रुवारीत नंबर काढून टाकले आणि रंग आणले. पाच बांबू, पाच रंगांची फडकी, बसच्या टपाच्याही वर दिसतील अशी. प्रत्येकाच्या मनगटाला त्याच रंगाची फीत. ज्यांना नंबर वाचता येत नाही त्यांनाही लाल आणि हिरवा कळतो. ड्रायव्हर हसले, लग्नाचं वऱ्हाड म्हणाले. बस उतरवल्या जागेवरून हलवायची वेळ आली तर काय, याचा उपाय साधा निघाला. बस हलेल, बांबू हलणार नाही. बांबू आणि एक जवान उतरल्या जागी उभे, परतणारी माणसं तिथे यायची, आणि तिथून गट करून बसकडे. म्हणजे आजीला दिलेला हुकूम आता खरा होता. आणि याद्या पुन्हा लिहिल्या. आई, वडील, मुलगा क्रमांक दोन, असं काही नाही, प्रत्येकाचं स्वतःचं नाव. कडेवरच्या पोराचंसुद्धा. सीट बदलायला बंदी केली नाही, पोरं ऐकणार नाहीत. पण बदललेला माणूस नव्या यादीत लिहायचा आणि जुन्या यादीतून खोडायचा, दोन्ही हवालदारांच्या सहीनं.

त्याच वर्षी, २ नोव्हेंबर २०१४ ला, वाघ्याला पाकिस्तानच्या बाजूला आत्मघाती स्फोट झाला. परेड संपवून परतणाऱ्या गर्दीत. साठाच्या आसपास माणसं गेली, बायका आणि मुलं त्यात होती. बातमी टीव्हीवर बघताना मला आमचं मैदान दिसत होतं, ते हेडलाइट, ती दहा मिनिटं. माणसं येताना विखुरलेली असतात, जाताना एका ठिकाणी असतात.

पुढे जम्मूला असताना सुटीवर जाणाऱ्या आणि सुटीवरून येणाऱ्या जवानांच्या बस माझ्याकडे असायच्या. कॉन्व्हॉय पहाटे निघतो, बाहेर थंडी, आत सगळे गुरफटून झोपलेले. मी बसमध्ये चढून नावं वाचायचो. जवान कुरकुरायचे. एकानं तर तोंडावर विचारलं, "साब, हम स्कूल के बच्चे हैं क्या?" गाववाला भेटला की जवानही बाळ्यासारखेच बस बदलतात. मी यादी बदलून घ्यायचो आणि त्यांना शिव्या घालायचो. मग १४ फेब्रुवारी २०१९ ला पुलवामात सीआरपीएफच्या ताफ्यावर हल्ला झाला. ७८ गाड्या, अडीच हजारांहून जास्त जवान. ४० गेले, दोघे आपल्या बुलढाणा जिल्ह्यातले. ओळख पटवायला खिशातली आधार कार्डं आणि सुटीचे अर्ज बघावे लागले, असं वर्तमानपत्रांत आलं. मी तेव्हा दुसऱ्याच टोकाला पोस्टिंगवर होतो. जम्मूत माझ्याबरोबर काम केलेल्या एका सुभेदार साहेबांचा त्या रात्री फोन आला. बराच वेळ दोघंही बोललो नाही. शेवटी ते एवढंच म्हणाले, "साब, लिस्ट."

बहिणीला यातलं किती सांगायचं ते कळेना. तिला म्हटलं, फडकी आण दोन रंगांची, यादीत आजी-आजोबांची स्वतःची नावं लिही, आणि बस कुठे उभी राहणार हे सांगताना ड्रायव्हर आणि प्रवासी दोघांना एकत्र उभं करून सांग. ती म्हणाली, "एवढंच ना?"

ते दहा रुपये फेब्रुवारीत घेऊन गेलो. आजी तोवर गावी परतली होती. मैदानात गेल्या गेल्या सफेद्याच्या झाडाकडे बघितलं, हातगाडी तिथंच होती. सरदारजींना मी आठवलो नाही, आजी आठवली. पैसे काही घेईनात. नातू कसा आहे विचारलं, मी म्हटलं, रांगतोय. तो खरंच रांगत होता की नाही मला माहीत नव्हतं, तीन महिन्यांचं मूल रांगत नाही हे बायकोनं नंतर सांगितलं. त्यांनी एक मोठी पुडी भरून दिली, बीबीजींसाठी म्हणून. पाटणपर्यंत ती कशी पोचवणार? परतताना पिवळ्या फडक्याच्या बसमध्ये नावं वाचून झाली, सगळी भरली, आणि मग आम्ही ती पुडी फोडली.